अ‍ॅव्हरेज किती देते?

३ नोव्हेंबर २०२४, रविवार. भाऊबीज

ओवाळून झालं आणि भावाने ताटात पाकिटाऐवजी स्प्लेंडरची किल्ली टाकली. "फेब्रुवारीपर्यंत तुझी. परत देताना टाकी फुल्ल पाहिजे." सासूबाई म्हणाल्या, "मग दारातली अ‍ॅक्टिव्हा काय शोभेला ठेवलीय?" त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

१ फेब्रुवारीला आम्ही चौघी सोलापुरातून मोटारसायकलींवर मछलीपट्टणला निघतोय. राष्ट्रीय महामार्ग ६५ पुण्यात सुरू होतो, आपल्या गावावरून हैदराबाद, विजयवाडा करत बंगालच्या उपसागराला टेकतो. इथून पुढचं अंतर साधारण साडेसहाशे किलोमीटर. ४ फेब्रुवारीला, जागतिक कर्करोग दिनी, तिथे पोचायचं. वाटेत थांबत थांबत बायकांशी बोलायचं आणि शाळकरी मुलींच्या लशीसाठी वर्गणी उभी करायची. डॉक्टरबाई स्त्रीरोगतज्ज्ञ, त्यांची बुलेट. वाहकताई एसटीत आहेत, वकीलबाई जिल्हा न्यायालयात. तिघींचे हात मुरलेले आहेत. चौथी मी, महापालिकेच्या शाळेतली बाई, गियर कशाशी खातात हेही माहीत नसलेली.

"कसल्या आजाराची लस म्हणालीस?" सासूबाईंनी विचारलं.

"पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची."

भाऊ मोबाइलमध्ये बघू लागला. सासूबाई चहाचे कप उचलून आत गेल्या.

मी यात कशी आले ते या वहीत एकदा लिहून ठेवते. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई गेली. विड्या वळायची. अंगावरून जातंय हे तिने वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. पुढच्या पालकसभेला मी डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांचं बोलणं संपेपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या, पण बाहेर बुलेटभोवती घोळका होता.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

शिकाऊ लायसन निघालं. बिनगियरच्या गाडीचं लायसन असलं तरी गियरवाल्या गाडीचा वर्ग वेगळा, त्याचं शिकाऊ लायसनही वेगळं. ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्यासाठी परीक्षा देता येत नाही, आणि शिकाऊ चालतं सहा महिने. हिशेब बसतोय. मुलीने पांढऱ्या कागदावर लाल 'एल' काढून पुढे-मागे चिकटवला आणि लांब जाऊन खात्री केली, दिसतो की नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

मैदानावर सराव. क्लच सोडताना गाडी बंद पडते, त्याचं मला काही वाटत नाही. हाफ क्लचवर थोडा दम धरला की गाडी आपणहून पुढे सरकते, ते जमलं. चारही गियर पायाने पुढे दाबून पडतात, तेही जमलं. डॉक्टरबाईंच्या बुलेटचा पहिला खाली आणि बाकीचे वर. दोघी एकमेकींच्या गाडीवर बसलो तर दोघीही शिकाऊच.

खरी अडचण डाव्या हाताची आहे. अ‍ॅक्टिव्हाचे दोन्ही ब्रेक हातात असतात. डावं लिव्हर दाबलं की मागचं चाक धरतं, आणि इतकी वर्षं बोटांना हेच पाठ. मोटारसायकलवर त्याच जागी क्लच. समोर काही आलं की डावा पंजा आपोआप मिटतो, इंजिन चाकापासून सुटतं आणि गाडी थांबायचं सोडून मोकळी पळते. आज कुत्रं आडवं आलं तेव्हा मी क्लच धरून त्याच्या शेजारून झुळकन गेले. भाऊ लांबून ओरडला, "उजवा हात, उजवा पाय! डाव्याला विसर!"

त्याने मग एक खेळ काढला. मी वीसच्या वेगाने यायचं, तो मधेच टाळी वाजवणार. टाळीला उजव्या हाताने पुढचा ब्रेक हळूहळू आवळायचा, उजव्या पायाने मागचा दाबायचा, आणि गाडी थांबता थांबता मगच डाव्याने क्लच. थांबवण्याची मोठी ताकद पुढच्या चाकात असते, कारण ब्रेक लागला की गाडीचं सगळं वजन पुढे येतं. पण तोच ब्रेक झटक्यात दाबला, त्यातून खाली वाळू असली, तर चाक घसरतं. अंधार पडेपर्यंत टाळ्या चालल्या. मैदानाच्या कडेला क्रिकेट खेळणारी पोरं शेवटी आपला डाव सोडून टाळ्या वाजवायला आली.

पडलेली गाडी उचलायलाही शिकवलं. स्प्लेंडरचं वजन ११२ किलो. समोरून वाकून ओढायला गेलं तर कंबर जाते. गाडी गियरमध्ये टाकायची, सीटला पाठ लावून खाली बसायचं, एक हात हँडलला, एक मागच्या कडीला, आणि पायांच्या जोरावर उलटं चालत उठायचं. उठते. मला खरं वाटलं नसतं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल विधानसभेचं मतदान, मी केंद्रावर ड्युटीला. मशीन सीलबंद करून साहित्य जमा करेपर्यंत मध्यरात्र झाली. आज अंग आंबलंय. पण दिवसभर बाकावर शेजारी बसलेल्या शिक्षकांशी बोलून एक पक्कं झालं: मोटारसायकल म्हटलं की पहिला प्रश्न एकच, "अ‍ॅव्हरेज किती देते?" साठच्या आसपास, मी म्हणते. दुसरा प्रश्न, "घरचे काय म्हणाले?" तिसरा फार थोडे विचारतात.

एका गुरुजींनी विचारला. "बाई, राग मानू नका. तुमच्या सहलीला आम्ही का पैसे द्यायचे?"

याचं उत्तर आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवलंय. पेट्रोल, मुक्काम, जेवण ज्याचं त्याने. वर्गणीला आम्ही हात लावायचा नाही. देणगीदाराने नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात थेट भरायची, पावती तिकडूनच येणार. मी त्यांना हिशेबही मांडून दाखवला: जाऊन-येऊन तेराशे किलोमीटर, बावीस लिटर पेट्रोल, म्हणजे अडीच हजारांच्या आत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक लस जानेवारी २०२३ मध्ये आली. तिचा एक डोस बाहेर घेतला तर दोन हजारांच्या घरात पडतो. नऊ ते चौदा वयाच्या मुलींना सहा महिन्यांच्या अंतराने असे दोन डोस देतात. गेल्या फेब्रुवारीत अर्थमंत्र्यांनी संसदेत या वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देऊ असं सांगितलं, पण शाळेत येऊन फुकट टोचतील अशी मोहीम आमच्याकडे तरी अजून आलेली नाही.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तुमच्या पेट्रोलमध्ये एका मुलीचा डोस बसतो. मग तोच द्या की. जाता कशाला?"

प्रश्न बिनतोड आहे. झोपेपर्यंत उत्तर सुचलं नाही.

१ डिसेंबर, रविवार

डॉक्टरबाईंकडे बैठक. मार्ग ठरवायला नकाशा उघडला आणि त्यांनी त्यावर एक छापील लेख ठेवला. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, २ एप्रिल २००९. मथळ्यात ग्रामीण भारत, आणि आत जिल्हा कुठला, तर उस्मानाबाद. म्हणजे आत्ताचा धाराशिव, आपला शेजार.

१९९९ मध्ये हे काम सुरू झालं. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, असे तिघे मिळून. बार्शीत त्याआधीच, १९८७ पासून, गावोगावच्या कर्करोगाच्या रुग्णांची नोंदवही चालू होती. देशात ग्रामीण भागातली ती पहिली. कुणाला काय झालं, कोण कशाने गेलं, हे माहीत असल्याशिवाय असा अभ्यास उभा राहत नाही. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका घेतल्या, गावांचे ५२ समूह केले आणि त्यांचे चार गट पाडले. एका गटात एचपीव्ही या विषाणूची चाचणी, दुसऱ्यात काचपट्टीवरची पॅप तपासणी, तिसऱ्यात सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून पांढरे डाग उठतात का ते नुसत्या डोळ्यांनी पाहणं. चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा. आठ वर्षांनी मोजलं तेव्हा चौथ्या गटात या कर्करोगाने ६४ जणी गेल्या होत्या, विषाणूची चाचणी झालेल्या गटात ३४. चाचणी एकदाच झाली होती, आयुष्यात एकदाच.

वकीलबाई लगेच म्हणाल्या, "चौथ्या गटातल्या बायकांना तपासलंच नाही? आणि मरणं मोजत बसले?" डॉक्टरबाईंनी विषय टाळला नाही. त्या गटाला माहिती दिली होती, तपासणी कुठे होते ते सांगितलं होतं, पण गटवार तपासणी केली नव्हती. त्यावरून नंतर बराच वाद झाला, आणि तो गैर नव्हता. "आकडा वापरताना हेही सांगायचं," असं ठरलं.

मी नकाशावर बोट फिरवलं. इटकळ, अणदूर, नळदुर्ग, जळकोट, येणेगूर, उमरगा. पहिल्या दिवसाची अर्धी वाट याच जिल्ह्यातली. इथल्या बायकांच्या जिवावर जगाने हे शिकून घेतलं. आणि आपल्याकडे काय, तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी कधी एकदा तरी ही तपासणी झालेल्या १.९ टक्के. शंभरात दोघीही नाहीत. विषाणू शिरल्यापासून कर्करोग व्हायला बहुधा १५ ते २० वर्षं लागतात. एवढा वेळ हा आजार फार कमी देतो, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

९ डिसेंबर, सोमवार

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा स्मृतिदिन. सातवीला भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात नेलं. चीनवर जपानचं आक्रमण झालं, काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी मदतीचं आवाहन केलं, आणि १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून बोटीने निघालं. त्यात आपले कोटणीस, वय २७. बाकीचे परतले, हे तिथेच राहिले आणि १९४२ मध्ये आजच्या तारखेला गेले. दरवर्षी मी एवढंच सांगते. आज एका मुलीने विचारलं, "बाई, त्यांना जायला पैसे कुणी दिले?"

लोकांनी, मी म्हटलं. वर्गणी काढून. चीन कुठल्या दिशेला आहे हे ज्यांना धड माहीत नव्हतं, त्यांनीसुद्धा.

"मग तुम्ही पण मागा की," ती म्हणाली. अजून माझी जीभ अडते हे पोरांच्याही ध्यानात आलंय.

१२ डिसेंबर, गुरुवार

आरटीओत परीक्षा. जमिनीवर आखलेल्या आठाच्या आकड्यातून पाय न टेकवता जायचं. लांब बघितलं की गाडी लांब वळते आणि चाकाकडे बघितलं की तिथेच कोसळते, हे मैदानावर कळलेलं होतं, त्यामुळे आठ सरळ गेला. रांगेत गियरच्या गाडीवर बाई मी एकटीच. मागच्या पोराने विचारलं, "काकू, किती देते?"

१५ डिसेंबर, रविवार

कुंभारीला गेलो, अक्कलकोट रोडने. गोदूताई परुळेकरांच्या नावाने उभी राहिलेली विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत. मी मागे एकदा अ‍ॅक्टिव्हावर माहितीपत्रकं घेऊन आले होते. बायकांनी पाणी दिलं, चहा दिला, पत्रक घडी करून ठेवलं आणि त्या कामाला लागल्या.

आज चार मोटारसायकली गल्लीत शिरल्या. आधी पोरं आली, पाठोपाठ त्यांना हाका मारत आया. ओट्यावर विडी चालूच होती. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. पानावर चिमूट पसरायची, बोटांत गुंडाळायची, टोक दुमडायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे, की पुढचं पान. मान वर न करता एक अक्का म्हणाली, "गाडी कुणाची गं? नवऱ्याची?" भावाची, मी म्हटलं. "अ‍ॅव्हरेज किती?" साठ. "कुठवर जाणार?" मछलीपट्टण. आता मान वर झाली. तिचं माहेर सूर्यापेटकडचं, याच रस्त्यावरचं. तिच्या सासऱ्यांचे वडील मागावर काम करायला तेलंगणातून सोलापुरात आले, तेही याच वाटेने. "एवढ्या लांब कशाला पण?"

मग सांगितलं. कुणी उठून गेलं नाही. आजूबाजूच्या ओट्यांवरच्याही सरकून जवळ आल्या. वाहकताईंचा आवाज एसटीत घडलेला, शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा, पण इथे त्यांनी तो मुद्दाम खाली आणला. पांढरं जातं का, संबंधानंतर रक्त दिसतं का, पाळी बंद झाल्यावर पुन्हा लाल जातं का, असं एकेक विचारत गेल्या. उत्तरं बोटांकडे बघत आली. विड्या थांबल्या नाहीत. हजारावर मजुरी आहे, खराब निघाली की कापतात, कशा थांबणार? एकीने विचारलं, "तपासताना दुखतं का? बाई तपासते की बाप्या?" दोन्हींचं उत्तर डॉक्टरबाईंनी दिलं. मग तिचं बोट माझ्याकडे वळलं. "तुम्ही केली?"

२१ डिसेंबर, शनिवार

केली. टेबलावर पडायचं, पाय वर घ्यायचे, अंगावर चादर. डॉक्टरबाई प्रत्येक गोष्ट आधी सांगत होत्या: आता गार लागेल, आता थोडा दाब येईल. आत एक मऊ ब्रश फिरवला आणि तो औषधाच्या बाटलीत बुडवून झाकण लावलं. मी छताच्या पंख्याची पाती मोजत होते. दुसऱ्यांदा मोजायच्या आत झालंसुद्धा. दुखलं नाही. अवघड वाटलं, ते टेबलावर चढेपर्यंत.

मुलगी बारा वर्षांची. तिला पहिला डोस दिला, दुसरा जूनमध्ये. डाव्या दंडात. ही लस चार प्रकारच्या विषाणूंवर चालते. त्यातले १६ आणि १८ हे दोन मिळून दहातले सात असे कॅन्सर घडवतात. तिने नर्सला विचारलं, "मग तपासणी नाही करावी लागणार ना?" लागेल, नर्स म्हणाली, तीस वर्षांची झालीस की. लशीने धोका जातो तो बराचसा, सगळा नाही. वर्गणी मागताना हेही सांगायचं.

२९ डिसेंबर, रविवार

पहिली मोठी फेरी, उमरग्यापर्यंत. पहाटे निघालो. थंडीत हेल्मेटच्या काचेवर श्वासाची वाफ धरते, काच बोटभर उघडी ठेवली की निवळते. वेग पंचावन्न ते साठ. रस्ता चौपदरी, पण त्यावर चालणारं सगळं काही चौपदरी नाही. उलट्या बाजूने मोटारसायकली येतात, ढाब्यासमोर शेळ्या. आणि हंगाम असल्यामुळे ऊस.

ऊसवाहू ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या. मागच्या ट्रॉलीचा दिवा उसाखाली गडप झालेला, रिफ्लेक्टरवर चिखल. अंधारात ती रस्त्यावर आहे हे जवळ गेल्यावरच कळतं. वाहकताईंनी मला दोन नंबरला घेतलं, पुढे त्या आणि मागे डॉक्टरबाई. खाली पडलेल्या कांड्यावरून जायची वेळ आली तर हँडल सरळ, ब्रेकला हात नाही. ट्रक ओलांडून गेला की आधी हवा बाहेर ढकलते आणि मग आत ओढते. त्याला अंग सैल सोडून द्यायचं, हँडल आवळलं की गाडी जास्त डुलते. दर पन्नास किलोमीटरला उतरणं सक्तीचं. नळदुर्गच्या थांब्यावर बोटं पाच मिनिटं झिणझिणत होती.

जळकोटच्या पुढे चहाला थांबलो, तिथे ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई लेकराला घेऊन बसलेली. बीड जिल्ह्यातली. तिनेच बोलायला सुरुवात केली, गाडीवरूनच. मी आता 'साठ' म्हणून थांबत नाही, त्याच दमात पुढचं सांगून टाकते. तिने ऐकलं. "माझी तर पिशवीच काढलीया. दोन वर्सं झाली. डाक्टर म्हनला, न्हाईतर कॅन्सर हुईल." वय विचारलं तर तिशीच्या आतबाहेर.

डॉक्टरबाई बराच वेळ गप्प होत्या. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या एवढ्या संख्येने का काढल्या गेल्या यासाठी २०१९ मध्ये राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती. पाळीत खाडा पडला तर मुकादम मजुरी कापतो, उचल फिटत नाही, आणि त्यात कॅन्सरची भीती घातली की बाई सही करते. आमच्या बोलण्यात एक वाक्य वाढवायचं ठरलं: अंगावरून जातं म्हणजे कॅन्सरच असं नाही, आणि तपासल्याशिवाय पिशवी काढायला कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा. आजवर आम्ही नुसतं 'कॅन्सर होऊ शकतो' एवढंच सांगत होतो. त्या वाक्याने चुकीच्या माणसाचंही काम होतं.

५ जानेवारी २०२५, रविवार

गॅरेजमध्ये दिवस. मिस्त्रींनी हात काळे केल्याशिवाय सोडायचं नाही असं ठरवलेलं. ऑइल बदललं, क्लचची आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल नवीन टाकली, जुन्या सीटखाली बांधून ठेवल्या. चेन किती सैल हवी ते बोटाने उचलून दाखवलं. फार ताठ असली तरी तुटते, हे मला नवीन. प्लग काढला, साफ केला, लावला. मागचं चाक उतरवून ट्यूब बाहेर काढली, पंक्चर शोधलं, चाक परत बसवलं. "ताई, रस्त्यात हे करायची वेळ येणार नाही, दर दहा किलोमीटरला पंक्चरवाला हाय," मिस्त्री म्हणाले. "पण त्यो काय करालाय हे तुमाला कळलं पाहिजे." मजुरी विचारली तर म्हणाले, तिकडं भरतो, पावती द्या.

१९ जानेवारी, रविवार

घरचं हळदीकुंकू. गड्डा यात्रेची गर्दी ओसरतेय, गावात बायकांची ये-जा चालू आहे. यंदा रथसप्तमी नेमकी ४ फेब्रुवारीला, तोवर घरोघरी हेच. सासूबाईंनी वाण काय द्यायचं ते मला विचारलं नव्हतं. बायका बसल्या, अत्तर-गुलाबपाणी झालं, आणि त्यांनी आतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणला. तपासणी कुठे होते, कुठल्या वारी, डॉक्टरीणबाई कधी असतात. नातीकडून लिहून घेतलेल्या. प्रत्येकीच्या हातात तिळगुळाबरोबर एक.

"माझी सून म्हणते, दुखत नाही," त्या म्हणाल्या. "मी पण विचारून घेतलं. माझ्या वयाला पाळी नाही, तरी लाल गेलं तर दाखवायचं. लाजायचं नाही. पोरं काढताना लाजलो का आपण?" हशा पिकला. मीही त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. शेजारच्या दोघींनी चिठ्ठी ब्लाउजमध्ये ठेवली, एकीने हातातच धरली, एकीने ताटाखाली सरकवून दिली.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून आले आणि सामान मांडलं. आयएसआय छापाचं हेल्मेट, कोपर-गुडघ्याचे पॅड, जीनचं जाड जाकीट, हातमोजे. ओढणी अजिबात नाही, चेनमध्ये गेली तर माणूस खेचला जातो. २०२३ च्या महिला दिनी पुण्याच्या रमाबाई लटपटे गेटवे ऑफ इंडियापासून नऊवारी नेसून मोटारसायकलवर जगप्रवासाला निघाल्या होत्या. सासूबाईंनी त्याचा व्हिडिओ दाखवला. नऊवारीला कासोटा आहे, माझ्या ओढणीला नाही, मी म्हटलं. डॉक्टरबाई सांगत होत्या, सिडनीत २०१२ मध्ये सुरू झालेली एक फेरी आहे, पुरुष सूट-टाय घालून जुन्या मोटारसायकलींवर निघतात आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी पैसे उभे करतात. त्यांच्याकडेही पुरुष त्या आजाराचं नाव घेत नसत.

कागदपत्रं बघताना वकीलबाईंनी एक भोक दाखवलं. गाडीच्या विम्यातलं अपघाती संरक्षण गाडीच्या नोंदणीकृत मालकाचं असतं. मालक भाऊ, चालवणार मी. मला काही झालं तर त्यातून छदाम मिळणार नाही. स्वतःची वेगळी अपघात पॉलिसी काढली. भावाचं संमतिपत्र, आरसी, पीयूसी, सगळं फोनमध्ये आणि एकेक प्रत प्लॅस्टिकमध्ये.

खायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. आठ दिवस दोन्हींना काही होत नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

रजा मंजूर झाली. मुख्याध्यापकांनी अर्जावर सही करताना विचारलं ते अ‍ॅव्हरेजच, पण नंतर हळूच म्हणाले, "घरी मिसेसना तपासायचंय. कुठे न्यावं?" चिठ्ठी दिली.

केंद्रावर भेटलेल्या त्या गुरुजींना संध्याकाळी फोन केला. म्हटलं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे: डोस मी दिला असता तर तो एका मुलीला मिळाला असता आणि तिची आई, मावशी, आजी कुणीच तपासायला गेली नसती. गाडी बघायला लोक येतात आणि आपण विचारायच्या आत तेच विचारतात. माझं निम्मं काम तिथे होतं. ते म्हणाले, "ते झालं तुमचं. तुम्ही परत आल्यावर किती बायका खरंच तपासायला गेल्या, ते सांगा." हेही ते विचारल्याशिवाय सोडणार नाहीत. डॉक्टरबाईंना सांगितलं. प्रत्येक थांब्यावर तिथल्या आशाताईंचा नंबर घ्यायचा आणि मार्चअखेर फोन करून विचारायचं, असं ठरलं.

रात्री कुंभारीहून अक्काचा फोन. तिची तपासणी गेल्या आठवड्यात झाली, सगळं ठीक आहे. पण फोन त्यासाठी नव्हता. सूर्यापेटला तिची धाकटी बहीण, तीही विड्या वळते. तिला सहा महिन्यांपासून त्रास आहे आणि ती ऐकत नाही. "माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. गाडीवरून आलेल्या बाईला ती नाही म्हणणार नाही." मग तिने मला फोनवरच एक वाक्य तीन-चारदा म्हणायला लावलं: "परीक्ष चेयिंचुकुन्नारा अक्का?" तपासून घेतलंत का, ताई. शेवटचा स्वर वर न्यायचा, नाहीतर सरकारी वाटतं म्हणाली.

बहिणीचा पत्ता वहीच्या मागच्या पानावर घेतलाय. हैदराबादचा कार्यक्रम रविवारीच उरकायचा आणि सोमवारी उजाडताच निघायचं, म्हणजे दुपारच्या आत सूर्यापेट. तिथल्या सरकारी दवाखान्यात सोमवारी बाई डॉक्टर असतात का, ते डॉक्टरबाई उद्या वाटेतून फोन करून विचारणार आहेत. असल्या तर पत्ता शोधायला मी एकटीच पुढे जाईन, आणि तिला मागच्या सीटवर बसवून दवाखान्यात नेईन. जास्तीचं हेल्मेट आत्ताच सामानात बांधलं.